चौथ्या थरातला शेजारी

३ फेब्रुवारी

ताई सकाळी संग्रहालयात चौथ्या थराचे ट्रे घेऊन आली. दोनच ट्रे. टेम्पोवाल्याच्या हाती दिले नाहीत. स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवले आणि त्यांना पट्टा लावून आणले. मी हसले. ती हसली नाही.

दोघींनी मिळून मोजले. फोडलेल्या दगडाचे छिलके आणि बारीक चुरा मिळून बेचाळीस, आणि एक हातकुऱ्हाड, तळहातात मावेल एवढी, टोक मोडलेलं. एकूण त्रेचाळीस. तिच्या नोंदवहीतही त्रेचाळीस चौकोन काढलेले होते, प्रत्येक तुकडा कुठे पडला होता ते दाखवणारे. ट्रेच्या चिठ्ठीवर मी सही केली. ताई म्हणाली, "माझी नंतर करते, पेन गाडीत राहिलंय." तेवढ्यात तिला फोन आला आणि ती गेली.

तीन वर्षं ती त्या नदीकाठच्या टेकाडावर खणते आहे. तिसऱ्या थरापर्यंत निघालं ते चांगलं होतं, पण इतर ठिकाणी निघतं तसंच. खणायची मुदत मार्चअखेर संपते. मग तिथे वाळू आणि गोटे काढायची यंत्रं येणार. तिसऱ्याच्या खाली दोन हात कोरा गाळ, आणि त्याखाली चौथा. तिथलं हे माणसाच्या हातचं ठरलं तर ते जवळपास दुप्पट जुनं असेल. मग यंत्रं थांबतील.

मजूर गेल्यावर शेवटचा आठवडा ताई एकटी खाली उतरून खणत होती. मी आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते. ताईच म्हणाली होती, "तू आईजवळ थांब छोटे, इथलं मी बघते."

लहानपणापासून असंच आहे. इथलं ती बघते.

६ फेब्रुवारी

तुकडे धुतले. कडा कालच फोडल्यासारख्या. उजव्या हाताची तर्जनी कापली. पट्टी मागायला कारकुनाकडे गेले. तो मला डिंकबाई म्हणतो, कारण माझ्या खोलीला सतत डिंकाचा नाहीतर ॲसिटोनचा वास असतो.

"रजेच्या अर्जात काय लिहू, डिंकबाई? लाख वर्षांपूर्वीच्या इसमाने हल्ला केला?"

"इसम अनोळखी, असं लिहा."

इतकी धार टिकते कशी, याचा दुपारभर विचार केला. बारीक गाळाने लगेच झाकले गेले असतील. घासायला ना वाळू आली, ना पाणी. तशी नोंद केली.

९ फेब्रुवारी

आज एका दिवसात सात तुकडे जुळले. तिसऱ्या थरातले सात जुळवायला मला चार महिने लागले होते.

आई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत आली. मी नक्की काय करते ते तिने पुन्हा विचारलं. तिला हे दर दोन वर्षांनी सांगावं लागतं.

"फुटलेली बरणी जोडतेस तसंच ना?"

"बरणी कशी होती ते आपल्याला माहीत असतं. इथे कोणीतरी गोट्यावर गोटा मारून कपचे उडवले, मधून हत्यार काढलं. मी ते कपचे परत लावते. सगळे लागले की पहिला गोटा दिसतो. कुठला घाव आधी, कुठला नंतर, तेही दिसतं."

"मेलेल्या माणसाचा कचरा."

"हो."

"त्यापेक्षा तुझं कपाट लाव."

१४ फेब्रुवारी

तीस तुकडे जुळले. आता घावांचा क्रम दिसू लागला आहे, आणि तो विचित्र आहे. तिसऱ्या थरातली माणसं एक घाव घालत आणि दगड हातातल्या हातात थोडा पुढे फिरवत. घाव, पुढे, घाव, पुढे. हा दोन घाव घालतो, दगड पूर्ण उलटा करतो, पुन्हा दोन घाव घालतो, पुन्हा उलटा. आणि कडेने पुढे न जाता मागे येतो.

मीही असाच फोडते. बाबांनी शिकवलं. ते पिठाच्या गिरण्यांच्या दगडांना टाकी लावायला गावोगाव जायचे. घरी आले की आमच्या पेन्सिलींना टोक करायला गारगोटीची पाती काढून द्यायचे. दोन घाव, मांडीवर उलटा, दोन घाव. मी आठ वर्षांची होते, ताई बारा.

म्हणूनच मला याचा पुढचा घाव आधी कळतो. तुकडा हातात घेण्याआधी माहीत असतं, तो कुठे बसेल. असं मला आजवर कोणाच्याच बाबतीत झालेलं नाही. जिवंत माणसाच्याही नाही.

बाबा कोणाकडून शिकले? त्यांना शिकवणारा कोणाकडून? असं मागे मागे जात राहिलं तर कुठवर जाता येईल? हे अहवालात लिहिता येत नाही. इथे लिहून ठेवते.

मी त्याला शेजारी म्हणायला लागले आहे.

१९ फेब्रुवारी

झालं. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. टेबलावर अख्खा गोटा आहे, आंब्याच्या कोयीसारखा चपटा, आणि त्यात कुठे पोकळी नाही.

असं कधी होत नाही. तिसऱ्या थरातल्या कुठल्याच गोट्याचे निम्म्याहून जास्त तुकडे मला मिळाले नाहीत. माणसं चांगला तुकडा उचलून नेतात. येता-जाता पायाने उडतात. पाणी वाहून नेतं. इथे तांदळाच्या कणीएवढा चुराही हजर आहे. कोणी चादर अंथरून बसावं आणि उठताना तिची चारी टोकं एकत्र धरावीत, तसं.

टोक मोडलं म्हणून त्याने सगळंच तिथे टाकलं असेल. रागाने नाही. राग आलेला माणूस भिरकावतो. माझा शेजारी नीटनेटका होता.

२२ फेब्रुवारी

ताई जेवायला आली. मी तिला घावांचं चित्र दाखवलं. प्रत्येक घावाला आकडा आणि बाण, कुठून घातला आणि मग दगड कसा उलटला. मला ते चित्र फार आवडलं आहे.

ताईने हात पुसून कागद घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. आई म्हणाली, "अगं, भात निवतोय."

"हे बाण छापायलाच हवेत का?" ताईने विचारलं.

"तोच तर मुद्दा आहे. वेगळी पद्धत आहे, ताई. तिसऱ्या थराच्या लोकांची नाही. मागे जाणारी."

"हं."

"बाबांसारखी."

"बाबांचं काय इथे?" ती म्हणाली. मग कागद घडी न घालता परत दिला. "छान झालंय. छाप."

ती दमली आहे. डोळ्यांखाली काळं आलंय. जेवलीही अर्धंच.

५ मार्च

संग्रहालयाच्या सभागृहात जाहीर झालं. खुर्च्या कमी पडल्या. ताई बोलताना कधी कागद बघत नाही, आजही बघितला नाही. शेवटी म्हणाली, "हे माझ्या बहिणीने जुळवलं नसतं तर माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. तिच्या टेबलावर खोटं टिकत नाही."

लोकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसला.

अहवालात ती पद्धत स्वतंत्र परंपरा म्हणून नोंदली आहे. यंत्रं सहा महिने थांबणार. कारकून म्हणाला, "डिंकबाई, आता तुमच्या डिंकाची बाटली काचेच्या कपाटात ठेवायची."

१६ मार्च

आईचे रिपोर्ट द्यायला ताईकडे गेले. बेल वाजवली तरी बराच वेळ दार उघडलं नाही. मागच्या खोलीतून ठक, ठक ऐकू येत होतं. कपाटाची बिजागरी ठीक करत होते म्हणाली. डाव्या हाताचा अंगठा निळा पडलाय, नख जाईल असं वाटतं. गाडीच्या दारात सापडला म्हणे. मी बर्फ काढून दिला. तिचं लक्ष कुठेच नसतं हल्ली. एवढं यश मिळाल्यावर माणूस असा कसा होतो?

८ एप्रिल

मातीवाले आले. ते गाळाचं वय काढतात. साठी ओलांडलेले गृहस्थ, बोलणं कमी. त्यांना चौथ्या थराचा नमुना हवा होता. छिलक्यांना चिकटलेला गाळ एकाच बाजूला का आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धुताना माझ्याकडून गेला असेल. त्यांनी ते लिहून घेतलं.

चहा येईपर्यंत आम्ही मागच्या अंगणात बसलो. शाळेच्या मुलांना दाखवायला तिथे गोट्यांचं पोतं ठेवलेलं असतं. त्यांनी एक गोटा घेऊन फोडायला सुरुवात केली. वाईट फोडतात. मी त्यांच्या हातातून घेतला आणि दाखवलं.

ते माझ्या मांडीकडे बघत होते.

"बाई, तुम्ही दगड उलटा का करता?"

"असाच करतात."

"कोण?"

"आम्ही. बाबांनी शिकवलं. आणि चौथ्या थरातला तोही असाच करायचा."

"बाबांच्या हाताला काही झालं होतं?"

"डावं मनगट वाकायचं नाही. गिरणीचा दगड पडला होता, माझ्या जन्माआधी."

"म्हणजे त्यांना तो हातात फिरवताच येत नव्हता. म्हणून मांडीवर उलटायचे."

"असेल. हो."

"तुमचं मनगट वाकतं?"

मी वाकवून दाखवलं. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. हातातला गोटा त्यांनी पोत्यात ठेवला, टाकला नाही, आणि विचारलं, "घरी आणखी कोण शिकलं होतं?"

चहा आला तेव्हा ते निघाले होते. म्हणाले, चहा राहू द्या.

९ एप्रिल

आज काम केलं नाही.

१० एप्रिल

अंगणात बसून तसाच चपटा गोटा शोधला. फोडला. चादर अंथरली होती. सगळं उचललं, क्रम लावला, बाण काढले, आणि तो कागद शेजाऱ्याच्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेला धरला.

मी फरक शोधत होते. खूप फरक सापडावेत असं वाटत होतं. एकच सापडला. तो दर दुसऱ्या घावाआधी कड घासून बोथट करतो, म्हणजे घाव नीट बसतो. मी घासत नाही. मला कायम घाई. बाबा म्हणायचे, मोठीकडून शिक, ती घासल्याशिवाय मारत नाही.

लाख वर्षं मागे जायला निघाले होते. आमच्या ओटीवरच पोचले.

त्याच्याबद्दल मी इथे जे जे लिहिलं आहे ते वाचायची हिंमत होत नाही. तो रागावलेला नव्हता, असंही लिहिलंय.

११ एप्रिल

ताईकडे गेले. ती भांडी पुसून ठेवत होती. मी दोन्ही कागद ओट्यावर ठेवले. तिने ते पाहिले नाहीत.

"कधी कळलं?"

"काल. मातीवाल्यांना त्याआधीच."

"मला वाटलं होतं तुला पहिल्याच दिवशी कळेल." तिने एक ताट पुसलं. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दिले मी तुला. मुद्दाम नाही. पाचदहा फेकायला हवे होते. चादर झटकायला गेले आणि हातच होईना. तीस वर्षं कण न् कण वेचायची सवय."

"मला का दिलेस?"

"दुसऱ्या कोणी जुळवले असते तर लोकांनी शंका काढली असती. तुझ्यावर कोणी काढत नाही. तू काढली असतीस तर मी तिथेच थांबले असते. तू नाही काढलीस, छोटे."

"म्हणजे चूक माझी."

"असं कुठे म्हटलं मी?"

मी विचारलं, तिसरा थर तरी खरा आहे ना? तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिसरा खरा आहे. अजून त्याचा पाऊण भाग खणायचा राहिलाय. यंत्रं तोच खाऊन टाकणार होती. तो वाचवायला तिला चौथा हवा होता. हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी मान हलवली. मान का हलवली ते मला कळत नाही.

"मला एक आठवडा दे," ती म्हणाली. "मी स्वतः संचालकांना सांगते. तू मध्ये येऊ नकोस. उगाच तुझं नाव खराब होईल."

आठवडा दिला. घरी येऊन मातीवाल्यांना फोन केला. ते पत्र लिहायला बसलेच होते. म्हणाले, "बहीण आहे तुमची, म्हणून अठरापर्यंत थांबतो. पण थांबू नये असं वाटतंय."

मी म्हटलं, ताई शब्द मोडत नाही.

१५ एप्रिल

ताईचा फोन: "सांगितलं. आता तू शांत राहा. विचारतील तेव्हाच बोल."

बरं वाटलं. रडूही आलं. तिला आता नोकरी सोडावी लागेल, टेकाड सोडावं लागेल, आणि तरी तिने सांगितलं. आईला कसं सांगायचं ते दोघी मिळून ठरवू. दुपारी तिच्या आवडीचं करून डबा पाठवला.

१७ एप्रिल

संचालकांनी बोलावलं. टेबलावर ताईची नोंदवही होती आणि माझी ट्रेची चिठ्ठी.

वहीत लिहिलं आहे: चौथा थर, गाळाने माखलेले तुकडे, अंदाजे दहा-अकरा, धुतल्यावर ठरवावे. ताईचं म्हणणं असं की तिने एवढेच आणून दिले. धुतल्यावर त्यांचे त्रेचाळीस झाले आणि त्यात हातकुऱ्हाड निघाली, हे तिला माझ्याकडून कळलं. अहवालात तिने माझी यादी जशीच्या तशी घेतली. बहिणीचं काम, तपासून काय पाहायचं? परवा मातीवाल्यांची शंका कानावर आली तेव्हा तिने घावांचं चित्र नीट पाहिलं आणि तो हात ओळखला.

"माझा?" मी विचारलं.

"फार जड मनाने सांगितलं त्यांनी," संचालक म्हणाले.

चिठ्ठीवर दोन सह्यांची जागा आहे. एकच सही आहे.

मी वही हातात मागितली. दिली. ताईचंच अक्षर. कोपरे मळलेले, एका पानावर चिखलाचा बोटाचा ठसा. पण ही ती वही नाही. त्या वहीतले चौकोन मी पाहिले होते. ही नवी वही आहे, जुनी केलेली.

मी म्हटलं, ताई असं करणार नाही. त्यांनी वही परत घेतली. मग मीच ऐकलं मी काय म्हणाले ते.

१८ एप्रिल

मातीवाल्यांचा फोन. "वहीतले चौकोन पाहिल्याचं, मोजल्याचं, तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का? त्याच दिवशीचं?"

"नाही," मी म्हणाले.

ही दैनंदिनी माझ्या मांडीवरच होती. खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. ही कोणाला दाखवायची गोष्ट आहे हे सुचलंच नाही.

२४ एप्रिल

समिती. तीन जण, संचालक, आणि खिडकीपाशी मातीवाले. टेबलाऐवजी जमिनीवर पोतं अंथरलेलं, त्यावर दोन चपटे गोटे. दोघींनी एकेक फोडून दाखवावा. ताई समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, परीक्षेला जाताना हलवायची तशी.

आधी मी. मनात आलं की आज एक दिवस पुढे फिरवावा. पहिले दोन घाव पडले आणि दगड आपोआप मांडीवर उलटला. पुन्हा दोन. पुन्हा उलटा. समितीतल्या एकाने कागदावर काहीतरी लिहिलं. मी म्हणाले, "मी कड घासत नाही, ते बघा. त्याने घासली आहे." ते म्हणाले, घासणं काय, कोणीही घासेल.

मग ताई.

घाव, पुढे. घाव, पुढे. दगड तिच्या डाव्या हातात चाकासारखा फिरत होता. एकदाही मांडीला लागला नाही. कड घासली नाही. छिलके पातळ, एकसारखे पडत होते. मी तिला चाळीस वर्षं दगड फोडताना पाहत आले आहे. आज पाहिली ती बाई मला माहीत नव्हती. बाबांचं काहीच तिच्या हातात उरलं नव्हतं.

"वडिलांकडून दोघी शिकलात ना?" एकाने विचारलं.

"ती शिकली," ताई म्हणाली. "मी पुढे शिक्षणाला गेले, तिथे शिकले. बाबांची लाडकी तीच होती."

मातीवाले खिडकीबाहेर पाहत होते.

इतकं सफाईने फिरवायला किमान दोन महिने रोजचा सराव लागतो. अंगठाही बऱ्याचदा चेचतो. मी घरी येऊन कॅलेंडरवर मागे मोजत गेले आणि बावीस फेब्रुवारीपाशी थांबले. मातीवाल्यांनी काही विचारायच्या आधी. मला काही कळायच्या आधी. मी तिला बाणांचं चित्र दाखवलं, तिने ते घडी न घालता परत दिलं, आणि घरी जाऊन दुसरा हात शिकायला बसली. मार्चमध्ये भर सभेत माझं कौतुक केलं तेव्हा तिला अकरा दिवसांचा सराव झालेला होता.

चौथा थर बनवला तो टेकाडासाठी. ते मी कदाचित कधीतरी समजून घेतलं असतं.

२६ एप्रिल

ताई आईची औषधं घेऊन आली. आईजवळ बसली, तिच्या पायाला तेल लावलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बोलली. आई हसत होती. निघताना मी दारापर्यंत गेले.

"परवा निकाल देतील," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला काढतील. एवढंच होईल. तुला दुसरीकडे मिळेल, तुझ्या हातासारखा हात कोणाचा नाही. मी गेले तर टेकाड जाईल."

"तू आधीपासून ठरवलं होतंस."

"वेळ आली तर म्हणून ठेवलं होतं. वेळ यावी असं थोडंच वाटत होतं?"

"मला विचारायचंस. मी कदाचित हो म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं." तिने चप्पल घातली. "समितीपुढे तू माझं नाव घेतलं नाहीस. मला माहीत होतं तू घेणार नाहीस. आईला यातलं काही कळू देऊ नकोस."

जिना उतरताना तिने कठडा धरला नव्हता. वजन उतरल्यासारखी गेली.

दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं, मी बराच वेळ तिच्या त्या एका वाक्यापाशीच उभी आहे. "मला माहीत होतं." तिने घावांचा सराव केला, वही मळवली, आणि तिसरी गोष्ट जमेला धरली ती मी. तिला पुढचा घाव आधी कळत होता.

२७ एप्रिल

सकाळी ही दैनंदिनी पहिल्या पानापासून वाचली. त्रेचाळीस, चौकोन, पेन गाडीत राहिलं, बाण, बर्फ. सगळं त्या त्या दिवशीचं, त्या त्या दिवशीच्या शाईत. मीच लिहिलं आणि मीच काही वाचलं नव्हतं.

काही पानं फाडावीत असं वाटलं. शेजाऱ्याची. ती वाचून समितीतले एकमेकांकडे बघतील. जिवंत माणसाच्याही नाही, असं मी लिहिलं आहे. डब्याचंही एक वाक्य आहे, ते तर कोणीच वाचू नये. पट्टी घेऊन बसले, पानाला लावली, आणि काढून ठेवली. अर्धे तुकडे काढून घेतलेला गोटा माझ्याकडे कोणी आणला असता तर मी म्हटलं असतं, यावरून काही सांगता येत नाही.

मातीवाल्यांना फोन केला. म्हटलं, त्या दिवशी मी नाही म्हणाले, ते खरं नव्हतं. ते म्हणाले, दहा वाजता संग्रहालयाच्या दाराशी उभा राहतो. मग म्हणाले, "बाई, वहीची शाई तपासतील. तुमच्या बहिणीच्या वहीचीही. एकदा दिलीत की परत फिरता येणार नाही."

"माहीत आहे."

टेकाडही जाईल. तिसरा थर खरा आहे, आणि आता त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. दोन दिवस मला एवढ्याच गोष्टीने थांबवलं होतं. तिथल्या माणसांना मी तीन वर्षं जुळवते आहे. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. पण त्यांना वाचवायला मी स्वतःला त्यांच्या खाली पुरून घ्यायचं, हे मला जमत नाही. जमेल असं ताईला वाटलं.

आईला आंघोळ घातली. ती म्हणाली, "गुरुवारी व्यायामाला ताई नेणार ना?"

"मी नेईन."

"तुझं काम?"

"मला वेळ आहे."

"तिला विचार तरी. वाट बघत बसेल ती."

मी तिचे केस पुसत राहिले.

साडेनऊ झाले. आजवर हे कोणासाठी लिहिलं नव्हतं. आता जे वाचणार आहेत त्यांच्यासाठी एवढंच: यात जे आहे त्याबद्दल मला विचारा, माझ्या बहिणीला विचारा. आईला बोलावू नका. आपल्या दोन्ही मुली एकाच ठिकाणी काम करतात, एवढंच तिला माहीत आहे.